मिथ्रदाताचे बाबिलोन आणि मंदावणारी पृथ्वी

दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांच्या तारखा म्हणजे इतिहासकारांनी अंधारात मारलेले तीर, असे सुशिक्षित माणसेही बोलून दाखवतात. पार्थिया या प्राचीन इराणी राज्याच्या पहिल्या मिथ्रदात राजाच्या बाबतीत हा संशय रास्त वाटावा, कारण त्याच्या घराण्यातील प्रत्येक राजा गादीवर येताना मूळपुरुषाचे ‘अर्शक’ हेच नाव धारण करी. प्रत्यक्षात त्याच्या काळाला मिळालेला साक्षीदार फारच थोड्या राजांच्या वाट्याला येतो. तो साक्षीदार म्हणजे आकाश.

मिथ्रदात इ.स.पू. १७१ च्या सुमारास राजा झाला. त्याचा थोरला भाऊ पहिला फ्रहात याने स्वतःच्या मुलांना बाजूला ठेवून धाकट्या भावाला वारस नेमले होते. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेकडील लहानशा राज्याचे मिथ्रदाताने साम्राज्य केले. पूर्वेला बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडील, ग्रीकांकडून त्याने मुलूख घेतला, पश्चिमेला मीडिया जिंकला आणि इ.स.पू. १४१ मध्ये सेल्युकस निकेटरच्या, म्हणजे चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेनानीच्या, वंशजांकडून आजच्या इराकमधील बाबिलोन हिसकावून घेतले. पुढे याच सेल्युकसच्या घराण्याचा, म्हणजे सेल्युकिड, राजा दुसरा डिमीट्रियस त्याच्या हाती लागला, तेव्हा मिथ्रदाताने त्याला मारले नाही. उलट आपली मुलगी रोडोगुनी त्याला दिली. बाबिलोनजवळच्या सेल्युकिया शहरात पाडलेल्या नाण्यांवर तो स्वतःला ‘ग्रीकांचा मित्र’ म्हणवतो. पार्थियन लोकांना आपल्याकडे पह्लव म्हणत. शक, यवन आणि पह्लव यांचा संहार करणारा म्हणून गौतमीपुत्र सातकर्णीचा जो गौरव नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे, त्यातले पह्लव ते हेच, मात्र मिथ्रदातानंतर बऱ्याच काळाने आलेले.

बाबिलोनचे निरीक्षक शतकानुशतके मातीच्या पाट्यांवर आकाशाची रोजनिशी लिहीत आले होते. चंद्र आणि ग्रहांची स्थाने, हवामान, फरात (युफ्रेटिस) नदीची पातळी, एका शेकेल (त्यांचे एक वजन) चांदीला मिळणारे जव आणि खजूर, आणि शेवटी राजकीय घडामोडी, अशा तिच्यात नोंदी असत. अर्शक राजाचे आगमनही या रोजनिशीत नोंदलेले आहे. ग्रहांची विशिष्ट मांडणी हजारो वर्षांत क्वचितच जशीच्या तशी पुन्हा येते, त्यामुळे ती गणिताने मागे नेऊन तपासली की पाटीचे वर्ष निश्चित होते आणि तिच्यातील राजकीय नोंदीलाही तारीख मिळते.

या विजयानंतर पाच वर्षांनी, १५ एप्रिल इ.स.पू. १३६ रोजी, बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसले. पाटीवरील तिथी आहे सेल्युकिड शक १७५, दुसरा अद्दारू, दिवस २९. दुसरा अद्दारू म्हणजे त्यांचा अधिक महिना. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालण्याची त्यांची पद्धत होती. सूर्योदयानंतर २४ अंशांनी ग्रहण लागले, असे ती सांगते. त्यांचा एक अंश चार मिनिटांचा, म्हणजे हा काळ आपल्या नेमक्या चार घटिकांचा होतो. बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू भर सकाळी दिसले आणि सारे ग्रहण ३५ अंशांत आटोपले.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या गतींवरून चंद्राची छाया अवकाशात केव्हा व कुठे होती हे काढता येते, पण त्या क्षणी छायेखाली कोणते शहर होते हे पृथ्वीच्या परिवलनावर अवलंबून असते. पृथ्वी आजच्याच वेगाने सदैव फिरत आली असे मानून गणित केले, तर ही छाया सुमारे ४८.८ रेखांश पश्चिमेला, स्पेनच्या रेखांशावर, सरकते आणि बाबिलोनला खग्रास ग्रहण दिसतच नाही. पंधरा रेखांशांना एक तास धरला की ही तफावत सव्वातीन तासांची, म्हणजे जवळजवळ बारा हजार सेकंदांची होते.

हे सेकंद कुठून आले? त्या काळचा दिवस एकोणिसाव्या शतकातील दिवसापेक्षा अवघ्या ३५ मिलिसेकंदांच्या आसपास लहान होता. फरक हळूहळू शून्यावर आला असे धरल्यास सरासरी सुमारे १७ मिलिसेकंद येते. मधल्या सात लाखांहून अधिक दिवसांनी तिला गुणले की बारा हजार सेकंद जमतात. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वी मंदावते आणि तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, चंद्राकडे जातो, म्हणून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. केवळ या घर्षणाने दिवस शतकाला २.३ मिलिसेकंदांनी वाढायला हवा होता, पण जुन्या ग्रहणांवरून वाढ सुमारे १.८ मिलिसेकंद दिसते. हिमयुगातील बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली ध्रुवांजवळची जमीन अजून वर येत असल्याने पृथ्वीचे जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा तिच्या वस्तुमानाचा विरोध, घटते आणि तिला थोडा वेग परत मिळतो, हे या तफावतीचे मुख्य स्पष्टीकरण आहे.

ग्रहण राजाला घातक असते, अशी मेसोपोटेमियात, म्हणजे बाबिलोनच्या प्रदेशात, दृढ समजूत होती. त्याआधीच्या अश्शूरी (असीरियन) राजांच्या काळात तर अशा वेळी गादीवर बदली माणूस बसवत. या ग्रहणानंतर पार्थियन सत्ता साडेतीन शतकांहून अधिक टिकली, आणि ग्रहणात अन्न टाकून देणाऱ्या आपल्या घरांतूनही हा दाखला सांगण्याजोगा आहे. तशी समजूत असलेल्या समाजातही त्या सकाळी कोणीतरी भेदरून घरात न बसता उघड्यावर उभे राहिले, त्यांनी वेळ मोजली आणि मावळणाऱ्या तेजात उजळलेले चार ग्रह एकेक करून ओळखले.