हॅम्बल्डनचा ‘बॅट अँड बॉल’ : सहलीला निघण्यापूर्वी

आमच्या इंग्लंड क्रिकेट सहलीचा कार्यक्रम हातात पडला की लॉर्ड्स आणि ओव्हलबद्दल कुणी काही विचारत नाही. बोट थांबते ते हॅम्पशायरच्या दिवसापाशी. ‘एका पबसाठी अख्खी दुपार कशाला?’ असा प्रश्न येतो. काहीजण लगेच म्हणतात, ‘आमच्यात कुणी घेत नाही, आम्ही बसमध्येच थांबू.’ कृपया थांबू नका. न पिणाऱ्यांनीही आत यावे, निवांत बसावे, भिंती बघाव्यात, एवढ्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

‘बॅट अँड बॉल’ हा पब हॅम्पशायरमधल्या हॅम्बल्डन गावात नाही. गावाबाहेर दोन-तीन मैलांवर ब्रॉडहाफपेनी डाउन नावाचे उघडे माळरान आहे, त्याच्या कडेला रस्त्यालगत तो उभा आहे. (लिहिताना ‘हाफपेनी’ असले तरी बोलताना ‘हेपनी’ म्हणतात. स्वतंत्रपणे टॅक्सीने येणार असाल तर हे उपयोगी पडेल.) रस्त्याच्या पलीकडे मैदान आणि 1908 मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ. सभोवती शेते आणि वारा. दुकान नाही, बाजार नाही.

या माळावर अठराव्या शतकात हॅम्बल्डन क्लब खेळत असे. 1760 च्या दशकात पबचा मालक होता रिचर्ड नायरन. तोच संघाचा कर्णधार, मैदानाची देखभालही त्याच्याकडेच. सामन्याच्या दिवशी इथे माणसांचा समुद्र लोटायचा, उमराव आणि शेतमजूर एकाच दोरीपाशी उभे राहून पैजा लावायचे. एका आडगावचा हा संघ इतका तगडा होता की जून 1777 मध्ये सेव्हनोक्सच्या मैदानावर त्याने ‘इंग्लंड’ म्हणवणाऱ्या संघाला एक डाव आणि 168 धावांनी हरवले. जेम्स एलवर्डने एकट्याने 167 धावा काढल्या.

आज तुमच्या नातवाच्या हातातली बॅट सव्वाचार इंचांहून रुंद असू शकत नाही, त्यामागेही हीच माणसे आहेत. सप्टेंबर 1771 मध्ये चर्ट्सीविरुद्धच्या सामन्यात थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज चक्क यष्टींइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. हॅम्बल्डनच्या मंडळींनी लगेच लेखी आक्षेप नोंदवला, त्यावर नायरनची सही आहे. सव्वाचार इंचांची मर्यादा तेव्हापासून आजतागायत कायम आहे. तिसऱ्या यष्टीची कथाही अशीच. तेव्हा यष्ट्या दोनच असत. 1775 मध्ये लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर ‘लम्पी’ स्टीव्हन्सचा चेंडू हॅम्बल्डनच्या जॉन स्मॉलच्या दोन यष्टींमधून तीनदा आरपार गेला आणि स्मॉल नाबाद राहिला. हे गोलंदाजावर अन्यायाचे आहे असे सगळ्यांनाच वाटले, आणि मधली यष्टी आली.

हे माहीत असले की पबच्या भिंती बोलू लागतात. आत जुन्या बॅटी, चित्रे, छायाचित्रे, संघांचे फोटो लावलेले दिसतील. एखादी बॅट हॉकी स्टिकसारखी टोकाशी वळलेली दिसली तर तिच्यापाशी थांबा. चेंडू जमिनीलगत घरंगळत येई तोवर असल्या बॅटीने काम भागत असे. गोलंदाज टप्पा टाकू लागले तेव्हा बॅट सरळ करावी लागली. त्या बदलाचे श्रेय जॉन स्मॉलला दिले जाते. हा आधी चांभारकाम करणारा माणूस, पुढे बॅट आणि चेंडू बनवू लागला, वर व्हायोलिनही वाजवायचा. पीटर्सफील्डच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याचे थडगे आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून रेल्वेने येणारे पीटर्सफील्डलाच उतरतात, गाडीला साधारण तासभर लागतो. तेव्हा तिथे दहा मिनिटे काढून मगच पुढे या.

आता एलबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या पबांत मिळणाऱ्या पारंपरिक बिअरबद्दल. ज्यांना चाखायची आहे त्यांनी समजून घेऊन चाखावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बाटलीतली जी गार, फसफसती बिअर मिळते ती बहुतेक वेळा गाळून, यीस्ट काढून टाकून आणि वरून गॅस भरून तयार केलेली असते. रिअल एलमध्ये यीस्ट जिवंत असते. ब्रुअरीतून पिंप निघते तेव्हा आतली आंबण्याची क्रिया चालूच असते आणि ती पुरी होते पबच्या तळघरात. बरणीत भरल्यावरही लोणचे मुरत राहते, तसेच म्हणा ना. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात, त्यात नऊ गॅलन म्हणजे 72 पाइंट मावतात. एकदा पिंप उघडले की हवा आत जाते आणि तीनेक दिवसांत ते संपवावे लागते, नाहीतर एल आंबट होते. म्हणून चांगली एल ही पबमालकाच्या निगराणीची परीक्षा असते. कधी पिंप उघडायचे, किती वेळ गाळ बसू द्यायचा, हे सगळे त्याच्या हातात. काउंटरवरचा तो उंच दांडा म्हणजे हातपंप. तो ओढला की तळघरातून एल वर येते.

ती कोमट असते असा आपल्याकडे समज आहे. तळघराचे तापमान 11 ते 13 अंश असते, पुण्यातली डिसेंबरची पहाट असावी तेवढे. बर्फगार बिअरची सवय असलेल्या जिभेला सुरुवातीला वेगळे वाटेल. दोन घोट घेऊन मग ठरवा. गार बिअरमध्ये दबून गेलेली माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुले) चव इथे लागते, आणि आम्हाला ती मनापासून आवडते. ‘बिटर’ प्रकारच्या एलमध्ये मद्यार्क साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतो, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरपेक्षा बराच कमी.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या गॅसवाल्या बिअरपुढे ही परंपरा मोडीत निघाली होती. ती वाचवण्यासाठी 1971 मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले. आमच्या वडीलधाऱ्या ग्राहकांना ते वर्ष वेगळे सांगायला नको!

हॅम्बल्डनची एल तर अठराव्या शतकातच नावाजलेली होती. नायरनचा मुलगा जॉन याने म्हातारपणी, 1833 मध्ये, आपल्या लहानपणच्या क्रिकेटपटूंच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात दोन पेन्सला पाइंट मिळणाऱ्या त्या जहाल एलचे वर्णन तो खेळाडूंच्या वर्णनाइतक्याच प्रेमाने करतो.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एल निवळण्यासाठी पुष्कळदा आयसिंग्लास वापरतात आणि ते माशाच्या वाताशयापासून बनते. ग्लासात ते जवळपास उतरत नाही, पण ज्यांना ते चालणार नाही त्यांनी ‘व्हेगन एल आहे का’ असे काउंटरवर विचारावे. या प्रश्नाचे तिथे कुणाला नवल वाटत नाही. चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हेही विचारून घ्या. न पिणाऱ्यांसाठी लाइम अँड सोडा, फळांचे रस, चहा-कॉफी असते, आणि साधे पाणी मागितल्यास फुकट मिळते.

टेबलापाशी बसून वेटरची वाट पाहू नका. काउंटरवर जायचे, मागायचे, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसली नाही तरी कोण आधी आले हे सगळ्यांच्या ध्यानात असते, त्यामुळे नोट हलवून लक्ष वेधणे उद्धटपणाचे दिसते. पेयांवर टिप देण्याची पद्धत नाही. पाइंट 568 मिलिलिटरचा असतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी ‘हाफ’ मागावा, त्यात कमीपणा काही नाही. कुठली घ्यावी कळत नसेल तर नम्रपणे विचारा, पुष्कळ ठिकाणी घोटभर चाखायलाही देतात. मित्रमंडळींत पाळीपाळीने सगळ्यांसाठी घेण्याची तिथली रीत आहे. सहाजणांच्या घोळक्यात तसे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा ग्लास येतील, म्हणून दोघा-तिघांचेच गट करा. मद्य विकत घेण्यासाठी वय 18 पूर्ण हवे. तरुण दिसणाऱ्यांना ओळखपत्र विचारतात, तेव्हा पासपोर्ट जवळ असू द्या. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये, हा आमचा नियम आहे.

एका वर्षी वाटेतल्या एका पबमध्ये आम्ही दुपारी तीनला पोहोचलो आणि स्वयंपाकघर बंद झालेले होते. चाळीस माणसे शेंगदाण्यांवर राहिली. चूक आमच्या वेळापत्रकाची होती. तेव्हापासून जेवण आधी सांगून ठेवतो आणि साडेबाराला पोहोचतो. त्यामुळे सकाळी हॉटेलातून निघायला उशीर करू नका.

जेवणानंतर रस्ता ओलांडून मैदानाकडे चला. उन्हाळ्यात ब्रॉडहाफपेनी ब्रिगँड्स हा क्लब अजूनही इथे खेळतो. सामना चालू असेल तर सीमारेषेबाहेरून बघता येतो, षटकाच्या मध्ये चालत जाऊ नका. माळावर जुलैतही वारा बोचतो, स्वेटर बसमध्ये ठेवून उतरू नका. जैन जेवण किंवा पूर्ण शाकाहारी ताट हवे असेल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी कार्यालयात कळवावे.