अर्धा इंची म्हणजे नक्की कुठला अर्धा इंच?

बडोद्यात मकरपुऱ्याला आमची लेथची छोटी शेड आहे, तिथे महिन्यातून एकदा तरी कोणी गळका निपल (दोन्ही टोकांना आटे, म्हणजे पेच, पाडलेला नळीचा तुकडा) घेऊन येतो आणि म्हणतो, अर्धा इंची आहे, इंचाला चौदा आटे मोजून पाडलेत, सफेदा-सूत सगळं लावलं, तरी गळतंय. मोजणं बरोबर असतं हो. घोळ दीडशे वर्षं जुना आहे.

झालं असं की १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने सगळ्यांच्या बोल्टना एकच ५५ अंशाचा आटा (म्हणजे आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५) सुचवला, माथा आणि तळ गोल. तिकडे तेव्हा गॅसचे दिवे लागत होते, सुरुवातीला म्हणे बंदुकीच्या नळ्याच टोकाला टोक जोडून गॅस न्यायचे, मग १८२५ ला कॉर्नेलियस व्हाइटहाउस नावाच्या माणसाने वेल्डेड लोखंडी नळीचं पेटंट घेतलं आणि नळ्या भराभर निघायला लागल्या. पुढे त्यांच्यावर व्हिटवर्थचाच आकार बसला, तेच आपलं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप. ड्रॉइंगवर ‘G १/२’ असतं ना, त्यातला G म्हणजे गॅस, आपण त्यातून पाणी नेतो ते वेगळं.

अमेरिकेत १८६४ ला फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंश आणि सपाट माथा काढला, कारण गोल माथ्याचा टूल घासणं म्हणजे कटकट. पाइपचं काम त्याच शहरातल्या रॉबर्ट ब्रिग्जने केलं, त्याची मापं तो गेल्यावर १८८६ मध्ये तिथे स्टँडर्ड झाली. हे एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपचा आटा.

आता गंमत बघा, टेपर, म्हणजे नळीच्या तोंडाकडचा उतार, दोघांचा एकच, १६ लांबीला व्यासात १. अर्धा आणि पाऊण इंचीत आटेही दोघांचे १४च (एक इंचीत मात्र ११ आणि साडेअकरा, तिथे लगेच पकडलं जातं). अर्धा इंची नळी बाहेरून २१ मिमीच्या आसपास भरते, अर्धा इंच हे जुन्या जाड नळीच्या आतल्या भोकाचं माप. त्यामुळे एकाचा निपल दुसऱ्यात दोन-तीन फेरे मस्त जातो, टाइट लागतो, पण कोन जुळत नाहीत म्हणून मग गळतो. बडोद्यात दोन्ही लागतात, घरचे नळ बीएसपीचे आणि केमिकल प्लांटातली बरीच इन्स्ट्रुमेंट एनपीटीची. गिऱ्हाईक दोन्हीला आंटाच म्हणतं.

साध्या लेथवर हा टेपर कंपाउंड (टूल धरणारी वरची फिरती स्लाइड) फिरवून पडत नाही, कारण आटे पाडताना लीडस्क्रू (लेथचा लांब स्क्रू) टूलच्या अख्ख्या गाड्याला, म्हणजे कॅरेजला, सरळ ओढतो. म्हणून नळीच्या तोंडात प्लग ठोकून दोन सेंटरमध्ये धरायची आणि टेलस्टॉक (लेथचं दुसऱ्या टोकाचं सेंटर धरणारा भाग) नळीच्या लांबीच्या बत्तिसाव्या भागाइतका बाजूला सरकवायचा, ३२० मिमीला १०. टूल नळीच्या सरळ अंगाला काटकोनात लावायचा, उताराला नाही. मी पहिल्यांदा उतारालाच लावला होता, आटे एका बाजूला झुकले, काका नुसते बघत उभे.

५५ आणि ६० चे सेंटर गेज (टूलचा कोन तपासायच्या पट्ट्या) आता वेगवेगळ्या खिळ्यांवर टांगलेत, ५५ वाल्याला लाल रंग मारलाय. तरी परवा आमच्या पोराने लाल उचलून एनपीटी पाडला.