आधी लॉग द्या, मग रीमॅपचं बोलू
(पोलो, व्हेंटो, रॅपिड, व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनवाल्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. आम्ही गाड्या रीमॅप करतो, म्हणजे ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला) मॅप, म्हणजे सेटिंग, बदलून ताकद वाढवतो. पार्ट न बदलता केलं तर ते स्टेज १. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "स्टेज १ केल्यावर किती बीएचपी मिळतील?" आणि आमचं उत्तर पण ठरलेलं, आधी गाडीचा लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद, काढू. काही जणांना वाटतं आम्ही टाळतोय. टाळत नाही हो, पण इंजिन आत्ता स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ मॅपवर नीट चाललंय का हे न बघता त्यात नवा मॅप भरायचा म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार, आणि त्याचे पैसे घ्यायला आम्हाला बरं वाटत नाही.

लॉग कशाने काढायचा

स्टिअरिंगखाली १६ पिनचं ओबीडी (गाडीच्या तपासणीचं) सॉकेट असतं, त्यात केबल लावली की ईसीयू ज्या आकड्यांवर निर्णय घेतो तेच आकडे लॅपटॉपवर दिसतात आणि सीएसव्ही फाईलमध्ये सेव्ह होतात, नंतर एक्सेलमध्ये ग्राफ काढता येतो. या गाड्यांसाठी रॉस-टेकचं व्हीसीडीएस हे केबल-सॉफ्टवेअर आम्हाला सगळ्यात भरवशाचं वाटतं, ओबीडीइलेव्हन पण चालतं. स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल चेक इंजिन लाइटचा कोड वाचायला ठीक आहेत, पण फुल थ्रॉटल रन (पेडल पूर्ण दाबून केलेली धाव) काही सेकंदातच संपतो, त्यात सेकंदाला एक-दोनच आकडे आले तर बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) स्पाइक मधल्यामध्ये निसटून जातो आणि ग्राफ मात्र मस्त गुळगुळीत दिसतो. चांगल्या केबलवर पण हौसेने पंचवीस चॅनेल टिक करू नका, जितके चॅनेल जास्त तितका प्रत्येकाचा वेग कमी. आरपीएम, पेडल, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप), मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), प्रत्येक सिलिंडरचं नॉक रिटार्ड (नॉक, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, झाल्यावर ठिणगी किती मागे घेतली ते), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि फ्युएल रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब), एवढं पुरतं. एका दमात बसत नसेल तर दोन रनमध्ये वाटून घ्या.

रन कुठे आणि कसा

तुम्ही घरी फक्त आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) आणि साध्या क्रूझिंगचा लॉग काढा, तोही लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर ठेवून. फुल थ्रॉटल रन आमच्या डायनोवरच (जागेवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). थर्ड गिअरमध्ये सहा हजार आरपीएमला या गाड्या शंभरच्या पुढे जातात आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची लिमिटच १०० आहे, त्यामुळे "रात्री रिकामा असतो रस्ता" हे आम्हाला सांगू नका.

डायनोला येताना टाकी निम्म्याच्या वर असू द्या आणि रोज जे पेट्रोल भरता तेच भरून या. लॉग चांगला यावा म्हणून खास त्या दिवशी एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं, म्हणजे सहज नॉक न होणारं पेट्रोल) भरून येणारे असतात, मग मॅप १०० ऑक्टेनवर बनतो आणि पुढच्या आठवड्यात साधं पेट्रोल भरलं की इंजिन नॉक करायला लागतं. ऑइल पूर्ण गरम, एसी बंद, रन २००० आरपीएमच्या खालून सुरू करायचा नाही कारण कमी आरपीएमला एकदम पूर्ण लोड देणं डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला घातक असतं. दोन रनच्या मध्ये थांबायचं, कारण १.२ आणि १.० टीएसआयमध्ये वॉटर कूल्ड इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, तो तापला की लगेच थंड होत नाही.

आम्ही काय बघतो

आधी बूस्ट. लॉगमधला मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा अब्सोल्यूट असतो, त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. पुण्यात तो साधारण ९५० मिलीबार, म्हणजे लॉगमध्ये १९०० दिसलं तर टर्बोने ९५० घातले, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या दुप्पट. तेच १९०० महाबळेश्वरला हवे असतील तर तिथे मुळात ८६० च्या आसपासच दाब, मग टर्बोला २.२ पट करावं लागतं, तो जास्त फिरतो, हवा जास्त तापते. म्हणून फक्त समुद्रसपाटीचा विचार करून ताणलेला मॅप घाटात धाप टाकतो.

मग मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी ठेवतो. समजा ३५०० ला ईसीयू १८०० मागतोय, मिळतायत १६००, आणि वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) जवळजवळ पूर्ण बंद आहे, म्हणजे टर्बो जीव तोडून फिरतोय पण हवा कुठेतरी गळतेय. सैल क्लॅम्प, तडकलेला पाइप, कधी वेस्टगेटचा दांडाच झिजलेला. इथे मॅप वाढवणं म्हणजे फाटक्या पखालीत जोरात पाणी ओतणं. आधी गळती काढायची, त्यात कधी कधी ग्राहकाला हवा असलेला पिकअप आपोआप परत येतो आणि रीमॅपचं नावच निघत नाही. आमचा धंदा बुडतो, असो.

नॉक रिटार्ड हा आमच्या मते लॉगमधला सगळ्यात बोलका कॉलम. नॉक सेन्सरला धडधड जाणवली की ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग काही डिग्री मागे घेतो. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन डिग्री इकडेतिकडे दिसलं तर आम्ही घाबरत नाही. पण सगळ्याच सिलिंडरवर एकदम पाच-सहा डिग्री जात असेल तर पेट्रोल, तापलेली इनटेक हवा किंवा मॅपमधलं जास्तीचं टायमिंग. आणि तीन सिलिंडर शांत, एकटा दुसरा नंबर मात्र प्रत्येक रनला सहा डिग्री मागे, तर मॅपला हात न लावता त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन बघायचा. नुसता बीएचपीचा ग्राफ बघून हे कधीच कळत नाही, एक सिलिंडर आजारी असताना पण ग्राफ छान वर जाताना दिसू शकतो.

मिश्रणासाठी एअर फ्युएल रेशो नाही, लॅम्डा बघा. १४.७ हा योग्य मिश्रणाचा आकडा शुद्ध पेट्रोलचा, ई२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) तो साधारण १३.५ होतो, लॅम्डा १ मात्र दोन्हीकडे १ च. क्रूझिंगला लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये कायम धरलेली वाढ-घट) अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर छान, अधिक १० च्या पुढे असेल तर आधी कारण शोधू. रेल प्रेशर वरच्या आरपीएमला मागणीच्या खाली घसरत असेल तर पंपाची ताकद संपली, तिथे बूस्ट वाढवला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होणार आणि पिस्टनवर बेतणार.

पेडल १०० टक्के आणि थ्रॉटल ७० वरच अडकलाय असं दिसलं तर बिघाड समजू नका, ईसीयू टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) लिमिट करतोय. यावरून डीएसजीवाल्यांसाठी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांसाठी) एक गोष्ट. ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजीची क्षमता २५० एनएम टॉर्क. पोलो जीटी टीएसआयचा स्टॉक टॉर्क १७५, म्हणजे थोडी जागा आहे. व्हर्टस-टायगुन १.५ ला कंपनीनेच २५० दिलाय आणि गिअरबॉक्स तोच, तेव्हा त्यात ३२० करून द्या म्हणू नका, दुसरा कोणी करून देईलही, क्लचचं बिल मात्र तुम्हालाच येईल. सायलेन्सरमधून फटाके काढायचा मॅप आम्ही करत नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते.

सॉफ्टवेअर बदललेलं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळू शकतं आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी जाऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन आहे, आणि इन्शुरन्सवाल्यांना न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी नडतो. हे सगळं वाचून पण करायचं असेल तरच या.

मॅप भरल्यावर त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, त्याच पेट्रोलवर परत रन घेतो आणि आधीची-नंतरची दोन्ही फाईल तुम्हाला देतो, कोणाकडूनही तपासून घ्या. घरचा लॉग पाठवताना सीएसव्ही फाईलच पाठवा, स्क्रीनचा फोटो नको, आणि फाईलच्या नावात गाडी, किलोमीटर, पेट्रोल कुठलं आणि बाहेर किती डिग्री होतं तेवढं लिहा.