नेट चालतंय, पण खालचा कॉम्प्युटर वरून दिसत नाही

एकच घर, दोन कॉम्प्युटर, दोन्हीवर यूट्यूब मस्त चालतंय आणि तरी एकाला दुसरा दिसत नाही, हा वैताग नाशकात बऱ्याच घरांना माहितीये. सिडकोत नाहीतर इंदिरानगरला खाली दुकान आणि वर घर असली बांधकामं भरपूर, लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा खालच्या डेस्कटॉपवर कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करतो आणि रात्री वर लॅपटॉपवर एडिटिंगला बसतो, मग ४० जीबीचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकून जिने चढणं आलंच. त्याला विचारलं तर म्हणतो, "दादा, नेट तर चालतंय ना, मग हे का नाही?"

तर नेट चालणं वेगळं आणि दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणं वेगळं. नेटसाठी कॉम्प्युटरला फक्त राऊटरपर्यंत पोचायचं असतं, बोलणं तोच सुरू करतो आणि बाहेरून येतं ते त्याने मागितलेलंच उत्तर असतं. शेजारच्या कॉम्प्युटरचं तसं नाही, तिथे समोरच्याला न मागता आलेल्या हाकेला ओ द्यावी लागते, आणि आजकालचे कॉम्प्युटर मुद्दामच अशा हाकेला ओ देत नाहीत. म्हणून नेट चालतंय यावरून एवढंच कळतं की दोन्ही मशीन आपापल्या जागी धड आहेत, मधल्या रस्त्याचं काहीच कळत नाही.

आधी आयपी पत्ते बघा, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला मिळालेला नंबर. दोन्हीकडे सीएमडी (विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा, १९२.१६८.१.५ असं काहीतरी दिसेल. हे पत्ते खाजगी, १९९६ साली असे काही गट घरगुती आणि ऑफिसच्या वापरासाठी राखून ठेवलेत, त्यामुळे प्रत्येक सोसायटीत जसा २०४ नंबरचा फ्लॅट असतो तसा १९२.१६८.१.५ गंगापूर रोडलाही असतो आणि पंचवटीतही, आणि कोणाचं काही अडत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र कळायचं की राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, वाट बघून कंप्लीट कंटाळलेल्या कॉम्प्युटरने स्वतःच एक लावून घेतलाय. गंमत म्हणजे दोन कॉम्प्युटर मध्ये राऊटर न ठेवता सरळ एका केबलने जोडले तर दोघंही १६९.२५४ वाले पत्ते घेतात आणि त्यावर व्यवस्थित बोलतात, नेट नसतं एवढंच.

आता खरी मजा पिंगमध्ये आहे, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारून तो ओ देतो का बघायचं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कचा असाच एक घोळ शोधायला हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि अजून तोच पहिला कामाला येतो. वरच्या लॅपटॉपवरून पिंग आणि पुढे खालच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकायचा. उत्तर आलं तर रस्ता ठीक. नाही आलं तर बहुतेक जण "होत नाही यार" म्हणून खिडकी बंद करतात, आणि तिथेच हातातला पुरावा जातो, कारण विंडोजमध्ये न होण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा अर्थ पार वेगळा. एकात येतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट', दुसऱ्यात 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'.

फरक का ते समजायला एक पायरी खाली उतरावं लागतं. पत्ता माहीत असून भागत नाही, घरातल्या घरात डेटा पोचतो तो मॅक अॅड्रेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डाचा जो स्वतःचा नंबर असतो त्यावर. म्हणून पिंग करण्याआधी तुमचा कॉम्प्युटर सगळ्यांना ओरडून विचारतो की १९२.१६८.१.७ कोणाचा आहे, आणि ज्याचा असेल तो आपला मॅक नंबर सांगतो. या पद्धतीला एआरपी म्हणतात, १९८२ ची आहे. या प्रश्नाला विंडोजची फायरवॉल, म्हणजे न मागता आलेल्या हाका दारातच अडवणारा पहारेकरी, आडवी येत नाही. म्हणजे पिंग टाइम आऊट झालं की लगेच एआरपी, मग स्पेस, डॅश आणि ए असं टाइप करायचं, त्या यादीत खालच्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि त्याचा मॅक नंबर दिसला तर तो जिवंत आहे, केबल ठीक आहे, वायफाय ठीक आहे, फक्त फायरवॉल दार उघडत नाहीये. आणि 'अनरीचेबल' आलं तर एआरपीलाच कोणी उत्तर दिलं नाही, म्हणजे केबल सुटलीये, मशीन झोपलंय, पत्ता चुकलाय नाहीतर एकजण गेस्ट वायफायवर बसलाय (गेस्टवर राऊटर सहसा लोकांना एकमेकांशी बोलूच देत नाही, पाहुण्यांसाठी ते बरोबरच आहे). इथे एक फसवी गोष्ट सांगतो, ते 'अनरीचेबल' तुमच्याच कॉम्प्युटरने तुम्हाला दिलेलं उत्तर असतं, त्यामुळे खाली 'लॉस ०%' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं पोचलं.

फायरवॉलच निघाली तर ती सरसकट बंद करू नका, हा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि तो आळशी सल्ला आहे. घरचं नेटवर्क विंडोजने 'पब्लिक' समजून ठेवलेलं असतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं फुकट वायफाय असावं तशी वागणूक, ते सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा आणि फाइल शेअरिंग चालू करा, बहुतेक वेळा एवढ्यात भागतं.

सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार मात्र दोन राऊटरचा. पंचवटीतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत असो की सिडकोतला आरसीसी स्लॅब, वायफाय वरच्या मजल्यापर्यंत धड पोचत नाही, मग कोणीतरी दुसरा राऊटर आणतो आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन लिहिलेल्या (बाहेरून नेट आत घ्यायच्या) भोकात खुपसतो, कारण त्या भोकाचा रंग वेगळा असतो आणि तेच बरोबर वाटतं. झालं, घरात दोन नेटवर्क तयार, खाली १९२.१६८.१ वालं, वर १९२.१६८.० वालं. आता वरून खालच्याला पिंग जातं पण खालून वरच्याला जात नाही! वरचा राऊटर आपल्या माणसांचे निरोप बाहेर नेतो आणि उत्तरं परत आणतो, पण बाहेरून आपणहून कोणी आलं तर ते कोणासाठी आहे हेच त्याला कळत नाही, आणि त्याच्या दृष्टीने खालचं दुकान पण बाहेरच. एकाच बाजूने चालतंय असं दिसलं की आधी हा संशय घ्यायचा. उपाय म्हणजे वरच्या राऊटरला एपी मोड (वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देणं) असेल तर तो लावा, नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता खालच्याच गटातला पण कोणाला न दिलेला ठेवा, आणि केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये (घरातले कॉम्प्युटर जोडायच्या भोकात) टाका.

पिंग झालं तरी फोल्डर उघडेना, हे पण होतं. नेटवर्कच्या आयकॉनमध्ये नाव दिसायची वाट बघू नका, ती यादी बेभरवशाची आहे, सरळ दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता टाइप करा. पासवर्ड मागितला तर पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. दुकानात अजून विंडोज एक्सपी वालं मशीन असेल तर ते फक्त एसएमबीची (विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा) पहिली आवृत्ती बोलतं, मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस त्याच आवृत्तीतल्या भोकातून पसरला आणि त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० मध्ये ती मुळातून बंद ठेवायला लागले. त्या एका मशीनसाठी ती परत चालू करू नका, तिथे पेनड्राइव्हच बरा. आणि पावसाळ्यात लाइट जाऊन आली की कधीकधी राऊटर पत्ते बदलून टाकतो, कालचा शॉर्टकट आज मेलेला, त्यासाठी राऊटरमध्ये खालच्या कॉम्प्युटरचा पत्ता रिझर्व्ह करून टाका.

सगळं जमलं, फोल्डर उघडला, पण कॉपी रांगतेय? स्पीड बघा. सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकलाय आणि दोन्हीकडे गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट आहेत, तर केबल बघायची. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, गिगाबिटला आठही लागतात पण १०० एमबीपीएसला चारच पुरतात, त्यामुळे डक्टमध्ये उंदराने बाकीच्या चारांपैकी एखादी तार कुरतडली किंवा प्लगमध्ये त्यातली एखादी नीट बसली नाही तर कनेक्शन सहसा तुटत नाही, ते गुपचूप १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला त्याच ११ एमबीवर उतरतं. मग ४० जीबीला साधारण तास लागतो, तेच गिगाबिटवर आणि डिस्क बरी असेल तर सहा-सात मिनिटांचं काम. आधी दोन्ही टोकांचे प्लग नवीन क्रिम्प करून घ्या, अख्खी केबल बदलायची वेळ बऱ्याचदा येत नाही.