ताटांचा हिशेब आणि विमानांचा

घाटकोपरला मावशीच्या गच्चीवर हिवाळ्यातल्या रात्री उभं राहिलं, की पूर्वेला खाडीपलीकडे हवेत दिवे टांगलेले दिसतात. एकाखाली एक, बहुतेक वेळा तीन. सगळ्यात खालचा मोठा होत होत डोक्यावरून घरघरत जातो आणि कुर्ल्याच्या बाजूला उतरतो. तोवर मागं नवा उगवलेला असतो. यंदा मावशीची नात सोबत होती. तिनं विचारलं, "काका, आत्ता या घडीला सगळ्या जगात मिळून किती विमानं उडत असतील?"

सोपा मार्ग फोनमध्ये होता. फ्लाइटरडार२४ हे उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप उघडलं तर युरोप पिवळ्या विमानांखाली गाडला गेलेला. पण हा आकडा येतो कसा, ते पाहिलं तर त्यातली भोकं दिसतात. आजकालचं विमान स्वतःच ओरडून सांगत असतं: मी अमुक, माझी जागा ही, उंची एवढी. सेकंदाला साधारण दोनदा, १०९० मेगाहर्ट्झवर. हौशी लोकांनी घराच्या छपरावर लावलेल्या अँटेना ते ऐकतात आणि इंटरनेटवरून पुढे पाठवतात. या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल. त्यामुळे ११ किलोमीटर उंचीवरचं विमान जमिनीवरून साधारण चारशे किलोमीटरपर्यंतच ऐकू येतं. त्यापुढे ते क्षितिजाखाली. भर समुद्रात छप्परच नाही, तिथं उपग्रहांवर भिस्त. लष्करी विमानं तर मनात येईल तेव्हा गप्प बसतात. म्हणजे नकाशावर दिसतात ती ऐकू आलेली विमानं, उडणारी सगळी नव्हेत.

मग न मोजता कसं सांगायचं? याचं उत्तर मला एका रिसेप्शनला मिळालं होतं, केटररच्या माणसाकडून. सहाशे पाहुणे, जेवण सात ते दहा. "ताटं किती लागतील?" असं विचारल्यावर त्यानं कागद घेतला नाही. तासाला दोनशे माणसं येणार, एकेकाच्या हातात ताट अर्धा तास राहणार, म्हणजे कुठल्याही क्षणी शंभर ताटं लोकांच्या हातात. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, बस्स. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ साली हे रीतसर सिद्ध केलं आणि नियमाला त्याचं नाव पडलं. गंमत अशी, की माणसं एकेक करून येतात की घोळक्यानं, कोण किती रेंगाळतं, यानं लांब मुदतीच्या सरासरीत काही फरक पडत नाही.

आता तोच हिशेब वर न्यायचा. कोविडच्या आधीच्या वर्षी, २०१९मध्ये, जगभरात प्रवासी विमान कंपन्यांची सुमारे ३ कोटी ९० लाख उड्डाणं झाली. दिवसाला एक लाखाच्या वर, तासाला साडेचार हजारांच्या आतबाहेर. उड्डाण सरासरी किती वेळाचं? मुंबई-न्यूयॉर्कसारखी पंधरा-सोळा तासांची आपल्या लक्षात राहतात, पण जगातली बहुतेक उड्डाणं पुणे-दिल्ली छापाची असतात. सव्वादोन तास धरू. गुणाकार येतो साधारण दहा हजार.

पटत नसेल तर दुसऱ्या टोकाकडून यावं. अशा कंपन्यांकडे मिळून २५ ते ३० हजार विमानं आहेत. विमान जमिनीवर उभं राहिलं की भाडं आणि कर्जाचे हप्ते खातं, म्हणून त्याला शक्य तितकं हवेत ठेवतात. तरी दिवसाचे सरासरी नऊ तास धरणं रास्त. २७ हजार विमानं, चोवीसपैकी नऊ तास. पुन्हा दहा हजार! दोन वेगळ्या वाटांनी एकाच चौकात पोचलो, की अंदाजावर भरवसा वाटू लागतो. त्या वर्षी साडेचार अब्ज प्रवासी फिरले, म्हणजे कुठल्याही क्षणी साडेअकरा लाख माणसं अधांतरी. २०११च्या जनगणनेतल्या सोलापूर शहराहून मोठी वस्ती ही.

पण त्या केटररनं ताटं शंभर आणली नव्हती. अडीचशे आणली. कारण सगळं गाव आठ ते नऊमध्येच येतं, शिवाय काही ताटं धुवायला पडलेली असतात. सरासरी वेगळी, गर्दीची वेळ वेगळी. अमेरिकेचंच बघा. तिथलं विमान वाहतूक खातं दिवसाला सुमारे ४५ हजार उड्डाणं हाताळतं. दोन तासांची सरासरी धरली तर एका वेळी पावणेचार हजार विमानं निघतात. खातं मात्र ऐन गर्दीत ५,४०० सांगतं. यात छोटी खासगी विमानंही आली. ती धरायची की नाही, यावर जगाचा आकडाही दहा हजारांवरून कुठल्या कुठे जातो.

आकाशात किती जण आहेत हे खऱ्या अर्थानं एकदा कळलं, ते ११ सप्टेंबर २००१ला. सकाळी पावणेदहाच्या सुमारास 'सगळ्यांना खाली उतरवा' असा हुकूम सुटला, तेव्हा अमेरिकेच्या हद्दीत साडेचार हजारांच्या आसपास विमानं होती. अडीच तासांत आकाश रिकामं. अटलांटिकवरून येणारी कॅनडाकडे वळवली. त्यातली ३८ प्रवासी विमानं न्यूफाउंडलंडमधल्या गँडर या चिमुकल्या गावी उतरली आणि गावाच्या अंगावर साडेसहा हजार पाहुणे आले. तिथं ताटांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात हमखास येतो.

आपल्याकडे १७ नोव्हेंबर २०२४ला देशांतर्गत प्रवाशांनी पहिल्यांदा दिवसाला पाच लाखांचा टप्पा ओलांडला. उड्डाणं होती ३,१७३. दीड-पावणेदोन तासांचं उड्डाण धरलं तर सरासरी दोनशेच्या थोडी वर विमानं हवेत. मध्यरात्रीनंतर वर्दळ ओसरते, म्हणजे दिवसा त्याहून बरीच जास्त.

नातीला हे सगळं ऐकून घ्यायचं नव्हतं. तिला पुरावा हवा होता. म्हणून आम्ही गच्चीचाच हिशेब मांडला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. तरी ८ डिसेंबर २०१८ला तिथं चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. निम्मी उतरणारी, म्हणजे तासाला एकवीस. तिनं मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं: दिवा पहिल्यांदा दिसल्यापासून डोक्यावर येईपर्यंत आठ मिनिटं. एकवीस गुणिले आठ, भागिले साठ. पावणेतीनच्या किंचित वर.

"म्हणजे तीन," ती म्हणाली आणि वर बघून बोटं मोजू लागली. "पण काका, चार आहेत."

चौथा जागचा हलेना. समोरून थेट आपल्याकडे येणारं विमानही बराच वेळ असंच स्थिर दिसतं, म्हणून थांबलो. तीन विमानं उतरून गेली तरी तो तिथंच. मग ओळखलं, तो गुरू होता.