पुरात जनावर गेले तर: मदतीचे नियम कुठून आले

दुष्काळात बैल मेला तर नवा घ्यायला ब्रिटिश अमलात मिळायची ती तगाई. १८८४ च्या कायद्याने बियाणे आणि जनावरांसाठी दिले जाणारे ते कर्जच होते, फेडावे लागे. परत न करायची मदत नियमांत पक्की बसली ती फार उशिरा: १९९० मध्ये आपत्ती निवारण निधी, २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. या निधीत महाराष्ट्रापुरता केंद्राचा वाटा ७५ टक्के. त्यामुळे मूळ दर दिल्लीत ठरतो; राज्य कधी त्यात भर घालते, कधी नाही.

२०१५ च्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० आणि शेळी-मेंढीला ३,००० रुपये होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांपुढे गेली (धोका पातळी ४३), तेव्हा केंद्राचे हेच दर होते. २०२१ ला पुन्हा महापूर आला, आणि राज्याने दुधाळ जनावराला ४०,००० व बैलाला ३०,००० रुपये जाहीर केले. पुढच्या वर्षी केंद्राचे नवे निकष आले: दुधाळ ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. म्हणजे राज्याने २०२१ ला दिलेल्या दरापेक्षा म्हशीचा दर उलट खाली आला. बाजारात बऱ्या मुऱ्हा म्हशीला लाखाच्या वर मोजावे लागतात, हे धरले तर ही रक्कम दावण भरायला नव्हे, तोंडमिळवणीलाच पुरते.

त्यात कुटुंबामागे तीनच मोठ्या दुधाळ जनावरांची मर्यादा. पाचपैकी पाच गेली तरी पैसे तिघांचेच. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने पॅकेजमध्ये ही अट काढली.

खरी अडचण पुराव्याची. दावणीला बांधलेली म्हैस बुडाली तर मृतदेह गोठ्यातच सापडतो. पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतात, तलाठी पंचनामा करतो. पण पाणी चढताना शहाणा माणूस दावे कापून जनावर मोकळे सोडतो. मग ते वाहून गेले तर पंचनामा कशाचा करायचा? अशा वेळी कामाला येतो कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा १२ अंकी क्रमांक, ज्यापुढे सरकारी नोंदीत मालकाचे नाव असते. जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्ती, वीज किंवा वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मेलेल्या जनावराची भरपाईच देय नाही.

बिल्ला असून भागत नाही. परराज्यातून आणलेल्या म्हशीच्या क्रमांकापुढे जुन्याच मालकाचे नाव राहिले, तर अर्ज तिथेच अडतो. खरेदीनंतर लगेच दवाखान्यात जाऊन मालकी बदलून घ्यावी. प्रत्येक जनावराचा एक फोटो, ज्यात अख्खे जनावर आणि क्रमांक दोन्ही वाचता येतील, मोबाईलबाहेरही जपून ठेवावा. दूध संस्थेचे बिल जोडले तर जनावर दुभते होते हे दाखवायला मदत होते. मृतदेह सापडला असेल तर पंचनाम्याआधी पुरू नये. दुर्गंधीपायी घाईने खड्ड्यात घातलेल्या जनावराचे मरण कशाने, हे मग कोणी लिहून देत नाही.

जनावर वाचले, पण कुबट वैरण आणि चिखलातल्या उभ्याने कासदाह (कासेला सूज) होऊन आटले, तर या दरांत त्याला रकाना नाही. रस्ते बंद पडून संकलन थांबल्याने ओतून दिलेल्या दुधालाही नाही.