संशोधनातील खुलेपणा आणि राष्ट्रीय सुरक्षा

संशोधनाचे निष्कर्ष सर्वांसमोर मांडायचे, की शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून राखून ठेवायचे, हा विज्ञाननीतीतला जुना पेच आहे. प्रयोग कसा केला हे सांगितल्याशिवाय दुसऱ्याला तो पडताळता येत नाही. पण पडताळणीसाठी दिलेली कृती घातपातालाही उपयोगी पडू शकते.

अणुविखंडनाच्या शोधानंतर हा पेच लगेच उभा राहिला. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी १९३९ मध्ये सहकाऱ्यांना प्रसिद्धी थांबवण्याची गळ घातली. पॅरिसच्या फ्रेडरिक जोल्यो-क्युरी यांनी ती मानली नाही आणि न्यूट्रॉनांविषयीचे आपले निष्कर्ष छापले. पुढच्या वर्षी एन्रिको फेर्मी यांनी मात्र, काहीसे नाइलाजाने, अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी वापरायचे ग्राफाइट किती न्यूट्रॉन शोषते, याची मापने छापली नाहीत. १९४१ मध्ये जर्मनीत वाल्टर बोटे यांचे हेच मापन चुकले. तिथली मंडळी त्याच कामासाठी ग्राफाइटऐवजी जड पाण्याच्या मागे लागली, त्याचे हे एक कारण. फेर्मींचा आकडा छापून आला असता, तर ती चूक बहुधा ध्यानात आली असती.

पण मौनही बोलते. १९४२ च्या सुरुवातीला सोव्हिएत हवाई दलातले तरुण भौतिकशास्त्रज्ञ गिओर्गी फ्ल्योरोव्ह वोरोनेझच्या विद्यापीठ ग्रंथालयात परदेशी नियतकालिके चाळत होते. विखंडनाविषयीच्या आपल्या शोधाची कुणी दखल घेतली आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते. विखंडनावर काहीच सापडेना. एरवी सतत लिहिणारे सगळे एकदम गप्प झाले होते. त्यावरून अमेरिकेत गुपचूप अणुबॉम्बचे काम सुरू असावे, हे ओळखून फ्ल्योरोव्ह यांनी थेट स्टालिनना पत्र लिहिले.

शीतयुद्धात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने डेल कॉर्सन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९८२ च्या अहवालाचा सूर असा, की कुंपण थोड्याच जागेभोवती घालावे, पण ते उंच असावे. १९८५ मध्ये रेगन सरकारने मूलभूत संशोधन शक्यतो खुले ठेवण्याचे आणि बंधन घालायचेच तर रीतसर गोपनीय ठरवूनच घालण्याचे धोरण स्वीकारले. या विषयावर इतके स्वच्छ धोरण क्वचितच लिहिले गेले आहे. त्रास होतो तो अर्धवट बंधनांचा. उदाहरणार्थ, निर्यात नियंत्रणाखालील तांत्रिक माहिती आपल्याच प्रयोगशाळेतल्या परदेशी विद्यार्थ्याला सांगणे, हीदेखील अमेरिकी कायद्याने ‘निर्यात’ ठरू शकते.

जीवशास्त्रात रेषा आखणे आणखी अवघड. रॉन फूशिए आणि योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू बदलून तो फेरेट प्राण्यांमध्ये हवेतून पसरतो, हे दाखवले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने त्यातले तपशील गाळायला सांगितले. सुधारित निबंध पाहून मार्चमध्ये मत बदलले आणि २०१२ मध्येच दोन्ही निबंध छापले गेले. साथीवर नजर ठेवणाऱ्यांनाही नेमके तेच तपशील हवे होते.

संशय माणसांवर वळला की नुकसान फार मोठे होते. कॅलिफोर्नियातले अग्निबाणतज्ज्ञ चियान श्युएसेन यांची सुरक्षा परवानगी १९५० मध्ये साम्यवादी असल्याच्या संशयावरून काढून घेतली गेली. पाच वर्षे ते नजरेखाली राहिले. १९५५ मध्ये ते चीनला गेले आणि तिथला क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांच्याच नेतृत्वाखाली उभा राहिला.